मधले भांडे

किनवट हे सीमेवरचे गाव आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील, सागवानी जंगलाने वेढलेला हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. कागदावरची सीमा बदलली तरी माणसांचे येणेजाणे थांबत नाही. किनवटच्या बाजारात आजही मराठीच्या जोडीला तेलुगू, गोंडी, बंजारा बोली आणि दखनी वळणाची उर्दू कानावर पडते. येथील तरुणाला शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी हैदराबाद हे पुण्याइतकेच, किंबहुना त्याहून जवळचे वाटते.

अशा चार मित्रांची कल्पना करावी. एकाच शाळेत शिकलेले, एकाच बाकावर बसलेले, आडनावांवरून मात्र चार निरनिराळ्या समाजांचे म्हणून सहज ओळखू येणारे. एकाला शहरात नोकरी लागते. पहिल्या पगाराचे जेवण म्हणून तो इतर तिघांना एखाद्या थाई उपाहारगृहात नेतो. आपल्याकडे हे खाद्य नवे असले तरी आता दुर्मिळ राहिलेले नाही. मुंबईत कफ परेडच्या एका मोठ्या हॉटेलात ‘थाई पॅव्हेलियन’ हे उपाहारगृह १९९३ साली उघडले. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. पुढील तीन दशकांत हे पदार्थ शहरांतील मध्यम प्रतीच्या हॉटेलांपर्यंत येऊन पोचले.

चौघे आपापल्या पसंतीचा एकेक पदार्थ सांगतात. वाढपी येतो आणि चारही भांडी कोणाच्याच पुढ्यात न ठेवता टेबलाच्या मध्यभागी ठेवतो. प्रत्येकासमोर येते ती केवळ रिकामी बशी आणि भात. क्षणभर सगळे थबकतात. यातले माझे कोणते आणि तुझे कोणते? त्या क्षणभराच्या थबकण्याकडे बारकाईने पाहिले, तर त्यामागे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक मोठा अध्याय उभा असलेला दिसतो.

भात आणि तोंडीलावणे

थाई भाषेत जेवणे या क्रियेला ‘किन खाओ’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ भात खाणे असा होतो. वाटेत ओळखीचा माणूस भेटला की ‘भात खाल्लात का?’ असे विचारण्याची तिकडे रीत आहे. आपल्याकडचे ‘जेवण झाले का?’ हे त्याचेच भावंड. भाताखेरीज पानात जे जे येते त्याला ‘कप खाओ’ म्हणजे ‘भाताबरोबरचे’ असे नाव आहे. मराठीत त्यासाठी तोंडीलावणे हा नेमका शब्द आहे. मात्र थाई घरात हे तोंडीलावणे प्रत्येकाला वेगळे वाढत नाहीत. एक रस्सा, एक परतलेली भाजी, एक आंबट-तिखट कालवण, एखादा मासा असे पदार्थ मध्ये ठेवतात आणि भोवती बसलेले सर्वजण त्यातून एकावेळी चमचा-दोन चमचे घेत जातात. आपल्या बशीत एकदम ढीग करून घेणे असभ्य समजले जाते. कारण उघड आहे. मधल्या भांड्यात किती उरले आहे आणि अजून कोणाचे घ्यायचे राहिले आहे, हे पाहतच हात पुढे करावा लागतो.

उष्ट्याचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही, असे नव्हे. त्यासाठी मधल्या भांड्यात एक निराळा चमचा ठेवतात. त्याचे नाव ‘चॉन क्लांग’, म्हणजे मधला चमचा. या चमच्याने घ्यायचे आणि आपल्या चमच्याने खायचे. स्वच्छतेची सोय झाली आणि सोबतही मोडली नाही. चमचा-काट्याची ही पद्धतदेखील तेथे फार जुनी नाही. पूर्वी थाई माणूस आपल्यासारखाच हाताने जेवत असे. राजा चुलालाँगकॉर्न यांच्या कारकिर्दीच्या काळात (१८६८–१९१०) पाश्चात्त्य रीतिरिवाजांचा परिणाम होऊन चमचा आणि काटा रूढ होत गेला. भांडी बदलली, पण मध्ये ठेवून वाटून खाण्याची चाल टिकली.

मराठवाड्याच्या माणसाला या जेवणातले तिखट परके वाटू नये. मिरची मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, त्यांचा दूत सयामच्या अयुध्या दरबारी पोचला. त्याच शतकात त्यांच्या व्यापाराबरोबर मिरची पूर्वेकडे पसरली. थाई रश्श्याचा आणि आपल्या ठेच्याचा जाळ असा एकाच वाटेने आलेला आहे. आपण चहात टाकतो तो गवती चहा तिकडे रश्श्याच्या वाटणात पडतो. वैद्य घशासाठी देतात ते कुलंजन तेथे रोजच्या स्वयंपाकात आल्यासारखे वापरतात. जिन्नस ओळखीचेच आहेत. अनोळखी आहे ती बसण्याची आणि वाढण्याची तऱ्हा.

पंगतीचे दोन चेहरे

मराठी माणसाच्या सामुदायिक जेवणाचे रूप म्हणजे पंगत. तिचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा ठरलेल्या. सर्वांच्या पानात वाढून होईपर्यंत कोणी घास उचलायचा नाही. यजमानाने आग्रह करीत फिरायचे. पहिले पान आणि शेवटचे पान यांत वाढण्याचा फरक करणे म्हणजे पंक्तिप्रपंच, आणि तो दोष मानला गेला. समतेची एक जाणीव या रीतीत निश्चित आहे.

परंतु ती समता पंगतीत बसलेल्यांपुरतीच होती. पंगतीत कोणी बसावे हे जन्माने आधीच ठरवून टाकले होते. ज्याच्याशी रोटीव्यवहार नाही त्याचे पान वेगळ्या ओळीत किंवा अंगणात मांडले जाई. काहींच्या वाट्याला तर पंगत उठल्यावर उरलेलेच येई. घरातल्या घरातही भेद होता. पुरुष आधी जेवत आणि जिने चुलीपुढे बसून सारे रांधले ती बाई शेवटी बसे. पंगतीतला प्रत्येकजण आपापल्या पानापुरता असतो. मध्ये ठेवलेले, सर्वांच्या हाताचे असे भांडेच तेथे नाही. शेजारी बसूनही कोणी कोणाच्या अन्नाला स्पर्श करीत नाही.

याचा अर्थ सामायिक अन्नाची कल्पना आपल्याला अगदीच अपरिचित होती, असा मात्र नाही. वारकऱ्यांचा काला ही नेमकी तीच कल्पना आहे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सारे एकत्र कालवले आणि एकमेकांना भरविले. त्यात उष्टे-खरकटे पाहायचे नसते, नव्हे, ते पाहिले तर तो काला राहत नाही. पैठणच्या एकनाथांनी अस्पृश्य मानलेल्या भक्ताच्या घरी जाऊन अन्न घेतल्याची कथा मराठवाडा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. नांदेडला, जेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, त्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आजही लंगर चालतो. तेथेही ओळीत बसून जेवणाऱ्यांना ‘पंगत’ असेच म्हणतात, पण तीत बसणाऱ्याला नाव, गाव, कूळ कोणी विचारीत नाही. शब्द तोच आहे, आशय मात्र उलटा. जिल्ह्याच्या ठिकाणी हे उदाहरण तीन शतके डोळ्यांसमोर असताना गावोगावच्या पंगतींनी त्यापासून काही घेतले नाही. काल्याचा प्रसाद कीर्तनाच्या शेवटी वाटला गेला आणि घरी परतल्यावर पाने पुन्हा वेगळी मांडली गेली.

पावाचा तुकडा आणि चहाचा पेला

म्हणूनच आधुनिक महाराष्ट्रात सुधारणेचा आरंभ ग्रंथांइतकाच घासाने झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश करणाऱ्याला परधर्मीयाने भाजलेला पाव खावा लागे. दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान त्या सभेत होते. तरीही तिचे सारे काम गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा केलेले सुशिक्षितही खाल्लेला घास उघडपणे कबूल करण्यास तयार नव्हते, इतका त्या पावाच्या तुकड्याचा धाक होता.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, तसे टिळकही होते. भाषणानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता बाजूला ठेवला. पण उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि शहरात एकच गदारोळ उडाला. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. ग्रामण्य उभे राहिले. काशीस आपण प्रायश्चित्त घेतले असल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, ते स्वतःला पाप लागले असे वाटून नव्हे. ज्या मित्रांच्या घरी या बहिष्कारामुळे कोंडी झाली होती, लेकी-सुनांची अडवणूक होत होती, त्यांची सुटका व्हावी हा त्यांचा हेतू होता. त्याबद्दल सुधारकांनी त्यांना पुष्कळ दोष दिला. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत या प्रसंगाची हकिकत आली आहे. मित्रांसह घेतलेला एक पेला चहा आणि मित्रांसाठीच मान खाली घालून घेतलेले प्रायश्चित्त, या दोहोंमध्ये त्या पिढीची सारी ओढाताण सामावली आहे.

तीस वर्षांनी कोल्हापुरात याच चहाच्या पेल्याने वेगळे रूप घेतले. हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले. महाराज आपल्या लवाजम्यासह तेथे थांबत, चहा मागवीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. राजा समोर असताना पेला नाकारण्याची छाती कोणाची होणार? १९३३ साली रत्नागिरीत सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले, त्यामागे सावरकरांची प्रेरणा होती. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक विहिरींबरोबर उपाहारगृहांचाही नाव घेऊन उल्लेख केला. १९५५ च्या कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तेथील भांडी वापरू न देणे हा अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेला गुन्हा ठरविला. कपबशीचा उल्लेख करण्याची वेळ ज्या देशाच्या कायद्यावर येते, तेथे हॉटेलातले टेबल ही साधी गोष्ट नसते.

टेबलाची मर्यादा

हॉटेलाने समाजावर उपकार केले आहेत, हे मान्य केले पाहिजे. एस.टी. स्थानकाजवळचे चहाचे हॉटेल असो की शहरातले थाई उपाहारगृह, तेथे ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला खुर्ची मिळते. स्वयंपाक कोणी केला हे गिऱ्हाईक विचारीत नाही आणि गिऱ्हाईक कोण हे मालक विचारीत नाही. घरात जिला शेवटी बसायचे ती बाई येथे सर्वांबरोबर बसते. सुधारकांना व्याख्याने देऊन जे साधले नाही, त्यातले पुष्कळसे गर्दीने, रेल्वेने आणि हॉटेलांनी निमूटपणे साधले.

पण या उपकाराला मर्यादाही आहेत. पहिली पैशाची. दर्शनी पाटी सर्वांना मोकळी असली तरी दरपत्रक सर्वांना मोकळे नसते. ज्या मित्राला अद्याप नोकरी नाही, तो अशा जेवणाला काही ना काही सबब सांगून येतच नाही. ‘तुझे तू, माझे मी’ ही बिलाची नवी रीत हिशेबाला सोयीची खरी, पण तीमुळे मधले भांडे पुन्हा वेगवेगळ्या पानांत वाटले जाते. थाई लोकांत वडीलधाऱ्याने किंवा अधिक मिळवत्याने पैसे द्यावेत असा संकेत आहे. आपल्याकडेही पहिल्या पगाराचे जेवण ज्याचे त्यानेच द्यायचे असते. असे संकेत मैत्रीतली विषमता उघडी न पाडता झाकून घेतात.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि नंतर स्वतःच प्रसिद्ध केलेल्या भाषणात स्पष्ट नोंदविले आहे की, सहभोजनाने जातीची भावना मेल्याचा अनुभव नाही. खरा उपाय त्यांच्या मते मिश्रविवाह हा होता. जात ही विटा-मातीची भिंत नसून मनाची घडण आहे, हे त्यांचे निदान होते. त्या दृष्टीने पाहिले तर हॉटेलातले सहभोजन हे सर्वांत स्वस्त सहभोजन आहे. त्यासाठी कोणालाच काही सोडावे लागत नाही. तेथील भांडी कोणाच्याच घरची नसतात. बिल दिले की टेबल पुसले जाते आणि चौघे चार दिशांना जातात.

येथे एक फरक मात्र स्पष्ट केला पाहिजे. थाई रश्श्यांत माशाचे खारे पाणी सर्रास घालतात. चौघांतला एक शाकाहारी असेल, तर त्याला विचारून घ्यावे लागते. दुसऱ्याला एखादे मांस वर्ज्य असेल. समंजस मित्र अशा वेळी एक-दोन भांडी त्यांना चालतील अशी मागवतात आणि जेवण सुखाने पार पडते. काय खावे आणि काय खाऊ नये हा ज्याचा त्याचा नियम आहे. त्याचा भार ज्याचा तोच उचलतो आणि त्याने दुसऱ्याचा अपमान होत नाही. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाबरोबर बसावे, हा नियम निराळ्या जातीचा आहे. तो पाळतो एक आणि त्याची किंमत मोजतो दुसरा. आपल्याकडे अनेकदा दुसऱ्या नियमावर पहिल्याचे पांघरूण घातले जाते. ‘आमच्याकडे चालत नाही’ या सौम्य वाक्यात पदार्थ चालत नाही की माणूस चालत नाही, हे मुद्दाम अस्पष्ट ठेवलेले असते. बदलीवर आलेल्या शिक्षकाला खोली भाड्याने देताना जेवणखाणाची चौकशी आडनावाच्या वाटेने होते, तेव्हा हे पांघरूण सरकलेले दिसते.

घरचा उंबरठा

सहभोजनाची खरी शाळा भरली ती घरांत आणि वसतिगृहांत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकाच चुलीवर शिजलेले अन्न एकत्र खात. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. तेथे कोणी पाहुणा नव्हता आणि कोणी गिऱ्हाईक नव्हता. दळण, सरपण, भांडी घासणे हे सारे वाटून घेतलेले होते. एका वेळच्या मेजवानीने जे होत नाही ते वर्षानुवर्षांच्या भाकरीने होते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

तशी संधी आज किनवटसारख्या तालुक्यातही रोज चालून येते. १९९५ साली देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजविलेले अन्न देण्याची पद्धत रूढ झाली. गोंड, कोलाम, आंध, बंजारा, मराठा, बौद्ध, मुसलमान अशा घरांतली मुले ओळीने बसून एका पातेल्यातली खिचडी खातात. त्या ओळीत कोण कोणाशेजारी बसते याकडे लक्ष देणारा शिक्षक इतिहासाचे पुस्तक न उघडताही इतिहास शिकवीत असतो. आणि मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत किंवा कचेरीच्या टेबलावर जे डबे उघडतात, ते तर थाई जेवणाचेच मराठी रूप म्हटले पाहिजे. एकाची अंबाडीची भाजी, दुसऱ्याचे पिठले, तिसऱ्याच्या डब्यातला चिंचेचा भात, सारे मध्ये सरकवले जाते. त्या डब्यांत घरच्या चुलीचा स्वाद असतो, म्हणून हॉटेलातल्या जेवणापेक्षा त्यांचे मोल अधिक. मात्र कोणाचा डबा मध्ये येतो आणि कोणाचा नेहमी कोपऱ्यात एकटाच उघडतो, एवढे पाहिले तरी त्या कचेरीचे खरे अंतरंग कळते.

शहरातल्या टेबलाभोवती बसलेल्या त्या चौघांनी अखेर मधला चमचा उचलला, चारही भांड्यांतले घेतले आणि पोटभर जेवले, असे समजू. त्यात कमीपणा काही नाही. ज्या सुखासाठी त्यांच्या पणजोबांना वाळीत पडावे लागले असते, ते त्यांना सहज मिळाले. पण दिवाळीला चौघेही किनवटला येतील. तेव्हा कोणाच्या घरी कोण जेवायला जाईल, ओसरीवर फराळाची बशी येईल की स्वयंपाकघराजवळ पान मांडले जाईल, आणि जेवून उठल्यावर ते ताट घरच्या इतर ताटांबरोबरच घासायला पडेल की नाही, याचे उत्तर शहरातल्या कोणत्याही उपाहारगृहात मिळणार नाही. ते त्या चार घरांनी द्यायचे आहे. ‘उद्या माझे मित्र जेवायला येणार आहेत’ असे मुलाने घरात सांगितल्यावर किती माणसे एवढेच विचारून आईने तांदूळ मोजायला घेतले, तर त्या संध्याकाळच्या मधल्या भांड्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.